बेचिराख किनारा

स्कॉटलंडच्या मुख्य भूमीच्या उत्तर टोकाशी असलेल्या परगण्याचे नाव सदरलंड आहे. या नावाचा अर्थ 'दक्षिणेकडचा प्रदेश'. उत्तरेच्या प्रदेशाला दक्षिण म्हणणारे लोक अर्थातच त्याच्याही उत्तरेला होते. ऑर्कनीच्या बाजूने समुद्रमार्गे आलेल्या नॉर्स लोकांनी हे नाव दिले. म्हणजे हे नाव त्या प्रदेशाविषयी जेवढे सांगते, त्याहून अधिक नाव देणारा कोठे उभा होता ते सांगते. प्रवासवर्णनात येणाऱ्या विशेषणांचेही असेच असते. सदरलंडच्या बाबतीत असे एक विशेषण वारंवार भेटते : 'निर्मनुष्य'. त्याचा इतिहास तपासावा, एवढाच या टिपणाचा हेतू आहे.

या किनाऱ्याचे आकर्षण खरेच आहे. २०१५ साली इन्व्हरनेसहून निघून उत्तर किनाऱ्याला वळसा घालत पुन्हा इन्व्हरनेसला येणारा ५१६ मैलांचा पर्यटनमार्ग आखला गेला आणि तेव्हापासून तेथे येणाऱ्यांचा ओघ वाढला. डरनेसजवळची स्मू गुहा, बालनाकीलची पांढरी पुळण, समुद्रपक्ष्यांनी गजबजलेले कडे यांसाठी लोक येतात. आतल्या भागात पीटच्या दलदलीचा अफाट पसारा आहे. 'फ्लो कंट्री' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या प्रदेशाला २०२४ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. मात्र किनाऱ्यावरून नेव्हर नदीच्या खोऱ्यात, म्हणजे स्ट्रॅथनेव्हरमध्ये वळले की दिसणारी शांतता निसर्गाने दिलेली नाही. ती जेमतेम दोनशे वर्षांची आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी या खोऱ्यात गेलिक बोलणाऱ्या कुळांच्या वाड्या होत्या. गुरे पाळावीत, जव-ओट पिकवावेत, असे त्यांचे जीवन होते. जमीन सदरलंडच्या काउंटेस एलिझाबेथ आणि त्यांचे पती लॉर्ड स्टॅफर्ड यांच्या मालकीची होती. कुळांच्या खंडापेक्षा मेंढपाळीच्या मोठ्या मक्त्यांतून कितीतरी अधिक उत्पन्न मिळेल, असा हिशेब मांडला गेला. खोरी मेंढ्यांसाठी मोकळी करावयाची आणि माणसांना किनाऱ्यावर लहानशा तुकड्यांवर बसवावयाचे, अशी योजना ठरली. तुकडे मुद्दामच अपुरे ठेवले होते. केवळ शेतीवर पोट भरले नाही म्हणजे लोक आपोआप मासेमारीकडे वळतील, असा त्यामागचा विचार होता. गुराख्याला कोळी करण्याचा हा बेत कागदावर सुबक दिसत असे. प्रत्यक्षात ज्यांनी कधी होडी हाकली नव्हती, त्यांच्यापुढे उत्तरेचा खवळलेला समुद्र उभा होता.

१८१४ सालच्या निष्कासनाची सूत्रे पॅट्रिक सेलर या कारभाऱ्याकडे होती. मोकळ्या होणाऱ्या जमिनीचा मोठा मक्ता त्याच सेलरने घेतला होता, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे. त्या झाडी नसलेल्या मुलखात घराचे वासे हीच कुळाची मोठी चीजवस्तू असे. परत येऊन कोणी छप्पर घालू नये म्हणून ते वासेच जाळण्यात आले. बॅडिनलोस्किन येथे विल्यम चिझम याच्या घराला आग लावली गेली तेव्हा त्याची अतिवृद्ध सासू आत होती. तिला बाहेर काढले, परंतु काही दिवसांतच ती वारली. १८१६ साली इन्व्हरनेसच्या न्यायालयात सेलरवर खटला चालला आणि तो निर्दोष सुटला. १८१९ साली याहून मोठ्या प्रमाणावर खोरे रिकामे करण्यात आले.

आपल्या जुन्या दप्तरांत उजाड गावासाठी 'बेचिराख' हा शब्द येतो. मूळ फारसी 'बेचिराग', म्हणजे जेथे दिवा लागत नाही असे गाव. मराठीने त्यात 'राख' ऐकली आणि शब्दाचा अर्थ जळण्याकडे झुकला. स्ट्रॅथनेव्हरच्या संदर्भात या शब्दाचे दोन्ही अर्थ एकत्र येतात. 'निर्मनुष्य' म्हटले की माणूस तेथे नव्हताच असे वाटते. 'बेचिराख' म्हटले की कोणे एके काळी तेथे दिवा लागत होता, हे मान्य करावे लागते.

साहित्याच्या अभ्यासकांना या इतिहासातील एक वाद विशेष उद्बोधक वाटेल. 'अंकल टॉम्स केबिन' लिहिणाऱ्या हॅरिएट बीचर स्टो यांनी १८५४ सालच्या 'सनी मेमरीज ऑफ फॉरिन लँड्स' या प्रवासवर्णनात सदरलंड घराण्याची बाजू घेतली. गुलामगिरीविरोधी चळवळीत त्या काळची डचेस पुढे होती आणि स्टो तिच्या पाहुण्या होत्या. त्याला उत्तर दिले ते रोझल गावच्या डोनाल्ड मॅक्लाउड या गवंड्याने. त्याच्या पुस्तकाचे नावच 'ग्लूमी मेमरीज'. एका रात्री उंचावरून आपण अडीचशे जळती घरे मोजली, असे तो सांगतो. हा आकडा तंतोतंत मानावा की नाही, याबद्दल मतभेद होऊ शकतात. वाढती लोकसंख्या, वारंवारचे दुष्काळ आणि जमीनदारांनी रस्ते-बंदरांवर केलेला खर्च यांकडे इतिहासकार लक्ष वेधतात, तेही रास्त आहे. तरीही अन्यायाविरुद्ध लिहिणारी एक समर्थ लेखिका यजमानाच्या दिवाणखान्यातून पाहताना काय पाहू शकली नाही, हा प्रश्न उरतोच. प्रवासवर्णन शिकवताना आम्ही विद्यार्थ्यांपुढे तो आवर्जून ठेवतो.

ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांचे काय झाले? याच मॅके मुलखातला रॉब डॉन (१७१४–१७७८) हा गेलिक कवी निरक्षर होता. त्याच्या रचना लोकांच्या कंठात राहिल्या आणि १८२९ साली ग्रंथरूप झाल्या, म्हणजे त्या गाणाऱ्यांची खोरी रिकामी झाल्यानंतर. आमच्याकडे जात्यावरच्या ओव्यांचा अभ्यास करणाऱ्यांना यातील निकड वेगळी सांगावयास नको. पुढे १८८३ साली कुळांच्या स्थितीच्या चौकशीसाठी आयोग नेमला गेला. त्याचे अध्यक्ष लॉर्ड नेपियर पूर्वी मद्रासचे गव्हर्नर होते. या आयोगापुढे, बालपणी ती निष्कासने पाहिलेल्या वृद्धांनी साक्षी दिल्या. १८८६ च्या कायद्याने किनाऱ्यावरच्या कुळांना वहिवाटीचे संरक्षण मिळाले. गेलेली खोरी मात्र परत मिळाली नाहीत. नील गन यांनी 'बुचर्स ब्रूम' (१९३४) या कादंबरीत हे निष्कासन आणि 'द सिल्व्हर डार्लिंग्ज' (१९४१) मध्ये समुद्राशी झुंजत उभे राहिलेले किनाऱ्यावरचे जीवन रंगवले. या दोन कादंबऱ्या लागोपाठ वाचल्या तर किनारा केवळ देखावा राहत नाही.

नदीच्या मुखाशी बेटीहिल हे गाव आहे. काउंटेस एलिझाबेथच्या नावावरून ते ओळखले जाते, असे सांगतात. तेथल्या जुन्या चर्चमध्ये स्ट्रॅथनेव्हरचे संग्रहालय आहे आणि खोऱ्यात वर रोझलचे अवशेष आहेत. १९६२ साली तेथे उत्खनन झाले. घरांचे पाये, गोठे, धान्य वाळवण्याच्या भट्ट्या गवताखाली ओळखता येतात. कडे आणि लाटा पाहण्यासाठी या किनाऱ्यावर अवश्य जावे, परंतु त्यातली एक दुपार रोझलसाठी राखून ठेवावी. मॅक्लाउड याच गावचा. त्याचे पुस्तक आधी वाचून गेल्यास उत्तम.