वणांवरून ओळख

फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर मॅनटी नावाचा प्राणी राहतो. तीन मीटर लांब, वजन साडेचारशे किलोच्या आसपास, नात्याने हत्तीच्या जवळचा आणि स्वभावाने गायीसारखा. उथळ पाण्यात समुद्रगवत चरायचं, मधूनमधून श्वास घ्यायला वर यायचं, एवढंच त्याचं काम. याच उथळ पाण्यातून मोटरबोटी धावतात.

मॅनटीला मारण्यावर फ्लोरिडाने १८९३ सालीच कायद्याने बंधन घातलं. १९०७ मध्ये त्यासाठी पाचशे डॉलरपर्यंत दंड आला. हे कायदे शिकाऱ्यासाठी होते. पुढच्या काळात मॅनटी ज्याच्या हातून मरू लागला, त्याला मारायचं नव्हतंच. तो रविवारी घरच्यांना घेऊन फिरायला निघालेला असायचा. त्याच्यासाठी कायदा कसा लिहायचा?

आधी पुरावा हवा होता, आणि तो प्राण्यांच्या पाठीवरच होता. १९४०च्या दशकाच्या अखेरीस जोसेफ मूर या जीवशास्त्रज्ञांच्या लक्षात आलं, की प्रॉपेलरच्या वणांवरून एकेक मॅनटी वेगळा ओळखता येतो. १९६०च्या दशकात डॅनियल हार्टमन यांनी क्रिस्टल रिव्हरमध्ये पाण्यात उतरून याच पद्धतीने अभ्यास केला. पुढे अशा फोटोंचा रीतसर डेटाबेस झाला. कोणत्याही डेटाबेसमध्ये नोंद शोधायला एक 'की' लागते. इथे बहुतेकदा वण हीच की. ज्याला बोट कधी लागलीच नाही, तो ओळखणं अवघड. एकाच प्राण्यावर वेगवेगळ्या धडकांचे वण सापडतात, यावरून हा एखाददुसरा अपघात नाही, हे स्पष्ट झालं.

१९७८च्या कायद्याने अख्खं राज्य मॅनटीसाठी अभयारण्य ठरलं आणि ठरावीक ठिकाणी बोटींचा वेग बांधायचा अधिकार सरकारला मिळाला. १९८९ मध्ये तेरा काउंट्यांना वेगाचे नियम करायला सांगण्यात आलं.

प्रॉपेलरला जाळी बसवली की झालं, असं तुम्हाला वाटेल. पण अनेक मॅनटी पात्याने कापून नाही, बोटीच्या धक्क्याने मरतात. बरगड्या मोडून फुप्फुसात घुसतात. वेग निम्मा केला की धडकेची ऊर्जा चौथाईवर येते. म्हणून वेगच कमी करायचा. 'स्लो स्पीड'च्या नियमात आकडा नाही. बोट पाण्यावर उचललेली नको, पूर्ण बसलेली हवी आणि मागे मोठी लाट उठायला नको. हे किनाऱ्यावरून नुसत्या डोळ्यांनी तपासता येतं.

बोटवाले चिडले. त्यांच्या हाती एक संशोधनही होतं. एडमंड गर्स्टीन यांच्या प्रयोगांनुसार मॅनटीला खालच्या पट्टीतले आवाज नीट ऐकू येत नाहीत, आणि सावकाश जाणारी बोट तसाच आवाज करते. विरोधी बाजूचं म्हणणं साधं होतं: बोट हळू असेल तर दोघांनाही बाजूला व्हायला वेळ मिळतो, आणि धडक बसलीच तरी प्राणी वाचू शकतो. २००० साली पर्यावरण संघटना कोर्टात गेल्या, आणि पुढच्या वर्षीच्या तडजोडीनंतर आणखी पट्टे आखले गेले.

१९९१च्या हवाई मोजणीत बाराशेच्या वर मॅनटी दिसले होते, २०१६ मध्ये सहा हजारांच्या वर. मोजणी सुधारली हेही त्यामागे आहेच. २०१७ मध्ये 'नष्टप्राय' हा शिक्का सौम्य झाला. तरी २०१९ मध्ये एकशे तीसहून जास्त मॅनटी बोटींमुळे मेले. २०२१ मध्ये मेलेल्यांचा एकूण आकडा अकराशेपर्यंत गेला. प्रदूषणाने समुद्रगवत संपलं होतं आणि कित्येक उपाशी मेले. त्यावर वेगमर्यादेची पाटी काहीच करू शकत नव्हती.

पाटी एवढंच करते: निरपराध माणसाला दहा मिनिटं उशिरा पोहोचायला लावते. तिचं यश मोजणंही कठीण, कारण जो वाचला त्याच्या पाठीवर वण नसतो, आणि वण नाही म्हणून त्याची नोंदही नसते.