बोल्ट हातात आला तर?

कॉलेजात एनसीसीला असताना ‘खोलना-जोडना’ शिकवायला आम्हाला जुन्या .३०३ रायफली होत्या. ड्रिलपुरत्या, गोळी न झाडणाऱ्या. एका सकाळी शेजारच्या कॅडेटने बोल्ट जरा जास्तच जोशात मागे खेचला आणि तो अख्खा त्याच्या हातात आला. आम्ही फिदीफिदी हसलो. उस्ताद हसले नाहीत. “लड़ाई में होता तो?” एवढंच म्हणाले.

तो प्रश्न डोक्यात राहिला.

बोल्ट म्हणजे दाराच्या कडीसारखा सरकणारा लोखंडी दांडा. मागे ओढला की रिकामं काडतूस बाहेर पडतं, पुढे ढकलला की नवं आत जातं. पण मागे येताना तो थांबायला हवा, नाहीतर निसटून हातात येणार. आणि साफसफाईच्या वेळी तो विनातक्रार बाहेरही यायला हवा. धर आणि सोड, ही दोन उलटी कामं एका बारक्या भागाकडे असतात. त्याचं नाव बोल्ट रिलीज. रायफलींवरच्या लेखांत नळी, नेम, पल्ला यांचं कौतुक असतं, याच्याकडे कुणी बघत नाही.

प्रत्येकाने हे कोडं आपापल्या परीने सोडवलं. १८९१च्या रशियन मोसिन रायफलीत वेगळा खटका नाहीच. ट्रिगरचाच भाग बोल्टला अडवतो. ट्रिगर दाबून धरा आणि बोल्ट ओढा, आला बाहेर. कंजूषपणा म्हणा किंवा हुशारी. जर्मन माउझरने १८९८च्या मॉडेलमध्ये उलट केलं. डाव्या बाजूला स्प्रिंगवर फिरणारी भक्कम पेटी बसवली आणि रिकामं काडतूस उडवणारं पातंही त्याच पेटीत घातलं. हाताने रायफल घडवणारे कारागीर आजही या रचनेकडे वळतात. अशा खटक्याचा अडवणारा तुकडा बोल्टच्या कानाला पूर्ण अंगाने टेकायला हवा, नुसत्या कोपऱ्यावर टेकला तर प्रत्येक ठोक्याला तो कोपरा झिजत जातो. म्हणून शेवटचं काम कानशीने, घास-बसव-बघ करत चालतं.

आमची .३०३ मात्र ली-एनफिल्ड. जेम्स पॅरिस ली यांच्या रचनेत बोल्टचं डोकं वेगळं असतं, स्क्रूसारखं बसवलेलं. उजव्या बाजूच्या पट्टीवरून ते घसरत येतं आणि शेवटी एक छोटी स्प्रिंग त्याला वर उठू देत नाही. बोल्ट काढायचा तर पूर्ण मागे ओढून बोटाने डोकं वर उचलायचं, टक्. आमच्या रायफलीची ती स्प्रिंग म्हातारी झाली असणार.

खरी गोष्ट पुढची आहे. दुसऱ्या महायुद्धासाठी ब्रिटनने ‘नंबर ४ मार्क १’ काढली, तेव्हा स्प्रिंगच्या जागी नीट खटका आला. तो दाबल्याशिवाय डोकं उचलताच येत नाही. पण १९४०मध्ये डंकर्कहून परतताना ब्रिटिश सैन्य प्रचंड सामान मागे टाकून आलं होतं आणि रायफली ढिगाने हव्या होत्या. अमेरिकेत सॅव्हेजकडे आणि कॅनडात टोरांटोजवळच्या लाँग ब्रँचला त्या बनू लागल्या. तिथे कुणीतरी विचारलं असणार, हा खटका हवाच कशाला? मग ‘मार्क १*’ आली. खटका गेला, स्प्रिंग गेली, त्यांच्यासाठी कोरावी लागणारी जागाही गेली. त्याऐवजी पट्टीला पुढच्या बाजूला नुसती एक खाच. बोल्ट थोडा मागे आणायचा, डोकं खाचेसमोर आलं की वर फिरवायचं आणि ओढून काढायचा.

म्हणजे बोल्ट रिलीज हा भागच राहिला नाही, ती एक रिकामी जागा झाली. कोडमधल्या दहा ओळी उडवून एका अटीत काम भागवल्यावर जो आनंद होतो, तो त्या ड्राफ्ट्समनला झाला असेल.

पण खटक्याचं ओझं कुठेतरी जाणारच होतं. ते पट्टीवर गेलं. आता डोकं प्रत्येक वेळी त्या खाचेवरूनच जाणार. खाचेपुढचा पट्टीचा छोटा तुकडा झिजला किंवा त्याचा टवका उडाला, तर घाईत बोल्ट चालवताना डोकं नको तेव्हा पट्टी सोडून वर उठतं. आणि पट्टी बॉडीचाच भाग असल्याने खटक्यासारखी बदलता येत नाही. उस्तादांचा प्रश्न इथे खरा होतो.

तरी मला तो निर्णय चुकीचा वाटत नाही. सॅव्हेजने एकट्याने दहा लाखांहून जास्त रायफली बनवल्या. नसलेल्या रायफलीपेक्षा कधीमधी रुसणारी बरी. फक्त घाईत घेतलेला निर्णय घाई संपल्यावर पुन्हा तपासावा लागतो, आणि आमच्या धंद्यात तेच राहून जातं. ब्रिटनने स्वतः खटका सोडलाच नव्हता. युद्धानंतरच्या ‘नंबर ४ मार्क २’मध्ये खटका आहे. लाँग ब्रँच मात्र युद्धानंतरही खाचेवरच राहिली.

भारत या भांडणात पडलाच नाही. बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्याने नंबर ४ बनवलीच नाही, युद्धभर जुनी नंबर १ चालू ठेवली. १९६२च्या चीन युद्धानंतर ७.६२ मिमी काडतुसासाठी ‘२ए’ काढली तीसुद्धा त्याच सांगाड्यावर. २६/११च्या रात्री सीएसटीवर पोलिसांच्या हातात .३०३च होत्या. त्यांच्यावर तेव्हा खूप लिहिलं गेलं, जुनाट म्हणून. माझ्या डोळ्यांसमोर मात्र ती छोटी स्प्रिंग येते, कारण अशी एक ढिली पडलेली मी पाहिली आहे.

उस्तादांनी त्या दिवशी बोल्ट परत आत सरकवला, अंगठ्याने डोकं दाबून बसवलं आणि ती रायफल आमच्या रांगेतून काढून कोतात पाठवली.