मोटारीचा वेग आणि चालकाचें लक्ष

पुढील गाडी मंदावली कीं आपणहून मंदावणारी, आणि ती दूर गेली कीं पुन्हां वेग घेणारी मोटार आतां आपल्या रस्त्यांवरहि आली आहे. महिंद्र कंपनीनें २०२१ सालीं काढलेल्या एक्सयूव्ही ७०० गाडींत ही सोय आहे. तिला ‘अॅडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोल’ असें लांबलचक नांव आहे. तिचा इतिहास पाहूं लागलें म्हणजे आरंभींच एका अंध पुरुषाची भेट होते.

राल्फ टीटर यांचा जन्म १८९० सालीं अमेरिकेंतील इंडियाना संस्थानांत झाला. बालपणींच अपघातानें त्यांची दृष्टि गेली. तरीहि त्यांनीं एंजिनियरीची पदवी मिळविली, आणि पिस्टनच्या कड्या करणाऱ्या एका कंपनीचे ते पुढें अध्यक्ष झाले. त्यांचे वकील मोटार हांकतांना बोलूं लागले कीं गाडी मंदावे, ऐकूं लागले कीं ती वेग घेई. शेजारीं बसलेल्या टीटरांना हे हिसके असह्य होत, व त्यांतूनच ही कल्पना सुचली, असें सांगतात. लक्ष हा पदार्थ किती चंचल आहे हें वर्गांत पस्तीस वर्षें पाहिलें असल्यामुळें मला त्या वकिलांचें नवल वाटत नाहीं.

टीटरांना १९५० सालीं पेटंट मिळालें. १९५८ सालीं क्रायस्लर कंपनीनें तें यंत्र आपल्या गाड्यांना बसविलें. मात्र तें वेग एकसारखा राखी, एवढेंच. पुढें कोण आहे याची त्याला दादच नव्हती.

ती दृष्टि यावयास आणखी कांहीं दशकें लागलीं. १९९५ सालीं जपानच्या मित्सुबिशी कंपनीनें आपल्या डायमांटे गाडीला लेझर किरणांनीं अंतर मोजणारें यंत्र दिलें. तें इंधन कमी करी, गिअर उतरवी. परंतु ब्रेक लावणें त्याच्या हातीं नव्हतें. १९९९ सालीं जर्मनीच्या मर्सिडीझनें रडार आणलें, आणि ब्रेकहि यंत्राच्या स्वाधीन झाला. तोहि बेतानेंच, एकदम करकचून थांबणें हें काम चालकाचेंच राहिलें.

येथें एक मर्म नीट समजून घेतलें पाहिजे. रडार समोरील वस्तूचें अंतर मोजतें, तसाच तिचा वेगहि. पण रस्त्यावरचा पूल, पाटी, कठडा, या साऱ्या स्थिर वस्तू आपल्याच वेगानें आपल्याकडे येत असल्यासारख्या त्याला भासतात. प्रत्येकीसाठीं ब्रेक लावला तर गाडी चालावयाचीच नाहीं. म्हणून अशा स्थिर वस्तूंकडे बहुधा दुर्लक्ष करावें, असेंच त्याला शिकविलें गेलें. आणि बंद पडून उभा असलेला ट्रकहि त्याच वर्गांत जमा होऊं शकतो! समजा, आपण एका गाडीमागून निर्धास्त चाललों आहों. ती गाडी एकाएकीं बाजूस वळते आणि तिच्या आड उभा असलेला ट्रक समोर येतो. यंत्राला मात्र वाट मोकळी झाली असें वाटतें, आणि तें वेग वाढवूं लागण्याचा संभव असतो. नव्या गाड्यांत कॅमेऱ्याची जोड असल्यामुळें हा दोष कमी झाला आहे, नाहींसा झालेला नाहीं. अशा वेळीं पाय ब्रेकजवळ आणि दृष्टि रस्त्यावर हवी.

अंतराची कळहि विचारानें लावावी. ताशीं १०० किलोमीटर वेगानें दोन सेकंदांत गाडी सुमारें ५५ मीटर जाते. ओल्या रस्त्यावर तेवढें अंतर अपुरें. घाटाच्या वळणांवर पुढील गाडी रडारच्या टप्प्यांतून निसटते. तेथें, मुसळधार पावसांत व शहरच्या गर्दींत ही सोय बंद ठेवावी, अशा अर्थाच्या सूचना गाडीबरोबरच्या पुस्तिकेंत छापलेल्या असतात. ती पुस्तिका मात्र बहुतेक घरीं वेष्टनांतच राहते.