न दिसणारी दोरी

कागलच्या शिवारात जोंधळा राखणारा गडी गोफण फिरवतो. लांबून गरगरणारा दगड दिसतो, दोरी दिसत नाही. तरी ती आहे हे आपण ओळखतो. नसती, तर दगड केव्हाच भिरकावला गेला असता.

१९३३ साली फ्रिट्झ झ्विकी या ज्योतिर्विदाने हेच ओळखले. अरुंधतीकेश समूहात आपल्या आकाशगंगेसारख्या शेकडो दीर्घिका एकत्र नांदतात. त्यांचे वेग इतके मोठे निघाले की, दिसणाऱ्या ताऱ्यांच्या ओढीने समूह टिकलाच नसता. मग धरून ठेवणारे कोण? न दिसणारे कृष्णद्रव्य! पुढली चाळीसेक वर्षे फारसे कुणी मनावर घेतले नाही. १९७० नंतर व्हेरा रुबिन या विदुषीने एकेका दीर्घिकेचे फिरणे मोजले, आणि हिशेब तोच निघाला. हे द्रव्य साध्या द्रव्याच्या सुमारे पाचपट आहे.

आपल्या कोल्हापुरात १९३८ साली जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी १९८८ साली पुण्यात ‘आयुका’ उभारली. तेथील संशोधकांनी सहकाऱ्यांसह २०१७ मध्ये ४०० कोटी प्रकाशवर्षे दूरचा, निदान ४३ समूहांचा महासमूह शोधला. नाव ठेवले ‘सरस्वती’. तीही नदी डोळ्यांना न दिसणारीच!

कृष्णद्रव्याचा कण मात्र अजून कुणाच्या हाती लागलेला नाही. गुरुजींनी मुलांना एवढे जरूर सांगावे: दिसत नाही म्हणून ‘नाही’ म्हणू नये, आणि कुणी सांगितले म्हणून ‘आहे’ म्हणू नये. झ्विकीने आधी हिशेब मांडला, मग तोंड उघडले.