हाली, कलदार आणि स्वस्ताई



वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस विषय दिला तो असा : गेल्या शतकाच्या मध्यावरील जालन्याचे रोजचे जीवन, त्या वेळचे भाव, करमणूक आणि वर्तमान. विषय गोड आहे. गावातील कोणाही वृद्ध गृहस्थास ओट्यावर गाठावे आणि हा विषय काढावा. पहिले वाक्य ठरलेले असते, ‘तेव्हा काय स्वस्ताई होती, राव!’ मग ज्वारी, तूप, सोने आणि सिनेमाचे तिकीट यांचे दर ओळीने बाहेर पडतात. आम्ही तीस वर्षे कामगार संघटनेचे काम करीत आलो. शाळा आमची सातवीला सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयात आणि कारखान्याच्या फाटकावर झाले. त्यामुळे भाव ऐकला की मजुरी विचारण्याची आम्हांस खोड लागली आहे. आजच्या व्याख्यानात ती खोड आपण सोसून घ्यावी.

प्रथम गाव डोळ्यांपुढे आणू. १९४० च्या सुमाराचे जालना हे निजामाच्या हैदराबाद संस्थानातील औरंगाबाद जिल्ह्याचे एक तालुक्याचे ठिकाण. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजी. पण व्यापार मोठा होता. मनमाड–काचीगुडा मीटरगेज लोहमार्ग विसाव्या शतकाच्या आरंभी पुरा झाला, आणि भोवतालच्या मुलखाचा कापूस जालन्याच्या जिनांत येऊ लागला. ‘जालना सोने का पालना’ अशी म्हण आहे, ती याच व्यापाराची. पाळणा सोन्याचा होता, यात संशय नाही. मात्र त्यात कोण निजत होते आणि दोरी कोण ओढत होते, हे म्हण सांगत नाही.

आमची आजी दोरी ओढणाऱ्यांपैकी होती. दिवाळीनंतर जिन सुरू होत आणि होळीच्या आगेमागे बंद पडत. या चार-पाच महिन्यांत बाया कपाशी यंत्राला घालीत, एकीकडे रुई पडे, दुसरीकडे सरकी. पुरुष प्रेसवर गठाणी बांधीत. नाकातोंडात तंतू जाई; पदराने तोंड बांधून काम करावे लागे. बाकीचे महिने शेतात खुरपणी, नाही तर घरी बसणे. आजी सांगे की लढाई संपता संपता तिला रोजचे सात आणे मिळत, आणि लगेच जोडी, ‘पण हालीचे!’

या एका शब्दात त्या काळाचा निम्मा इतिहास आहे, तेव्हा येथे जरा थांबू. हैदराबाद संस्थानाचे नाणे स्वतंत्र होते. चांदीच्या रुपयावर चारमिनार. त्यास सरकारी कागदांत उस्मानिया सिक्का आणि लोकांच्या तोंडी हाली म्हणत. इंग्रजी मुलखाचा रुपया तो कलदार. दोहोंचा ठरलेला दर असा : शंभर कलदारास हालीचे एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै. सोप्या हिशेबाने सात हाली म्हणजे सहा कलदार. म्हणजे आजीचे सात आणे मनमाडास गेले की सहा होत. आता कोणी म्हणेल, आजी मनमाडास कशास जाईल? ती जात नव्हती. पण तिचे लुगडे मनमाडाकडून येत होते. कापड मुंबईच्या गिरणीचे; रॉकेल, आगपेटी, सुई, सारे बाहेरचे. व्यापाऱ्याने ते कलदार मोजून आणलेले असे आणि संस्थानच्या हद्दीत शिरताना त्यावर करोडगिरी, म्हणजे जकात, शेकडा पाच भरलेली असे. मजुरी हालीत आणि लुगडे कलदारात, असा हा संसार. ज्वारी तेवढी घरच्या नाण्यात पायलीने मिळे, म्हणून स्वस्ताईच्या सर्व आठवणी ज्वारीपासून सुरू होतात, असा आमचा तर्क आहे.

आणि ज्वारीही स्वस्त राहिली नाही. दुसरे महायुद्ध सुरू होताना, ऑगस्ट १९३९ मध्ये, हिंदुस्थानातील घाऊक भावांचा निर्देशांक १०० धरला, तर १९४८ पर्यंत तो तिपटीहून वर गेला होता. मधल्या काळात रेशन आले, शेतकऱ्यावर धान्याची लेव्ही बसली, काळा बाजार हा शब्द बायाबापड्यांच्या तोंडी रुळला. नोव्हेंबर १९४७ च्या अखेरीस निजामाने भारत सरकारशी जैसे थे करार केला. तो मोडत गेला, रझाकारांचा धुमाकूळ वाढला आणि १९४८ साली संस्थानाची आर्थिक कोंडी झाली. त्या उन्हाळ्यात आमच्या घरी दिवा लागत नसे. अंधार पडण्यापूर्वी जेवून घेत. मीठ हाताने नव्हे, चिमटीने घालीत. राजकारण काय चालले आहे हे आजीला त्या चिमटीवरून कळले.

वर्तमानपत्रावरून तिला कळणे शक्यच नव्हते. तिला वाचता येत नव्हते हे एक. आणि वाचता येणाऱ्यांनाही वाचायला काय होते? कचेरीची भाषा उर्दू, वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू, सरकारी साल फसली. मराठी पत्रांवर निजाम सरकारची नजर करडी. आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ साली ‘मराठवाडा’ साप्ताहिक काढले. त्यावर बंदी आली, की ते नव्या नावाने, संस्थानाच्या हद्दीबाहेरून निघे. ते नाव बंद झाले की आणखी एक नाव. पत्राचे नाव बदलते आणि मजकूर तोच राहतो, ही युक्ती पुढे आम्ही आमच्या पत्रकांसाठी वापरली आहे, हे जाता जाता कबूल करतो. मुंबई-पुण्याची पत्रे मनमाडास रुंद गाडीतून उतरत, छोट्या गाडीत चढत आणि शिळी होऊन जालन्यास येत. एक अंक दहा घरे फिरे. जिनाच्या आवारात दुपारच्या सुटीत कोणी शिकलेला कारकून वाचून दाखवी, दोघे फाटकाकडे लक्ष ठेवीत.

रेडिओ होता, पण कोणाकडे? निजामाचे हैदराबाद केंद्र १९३० च्या दशकात चालू झाले, आणि औरंगाबादेसही संस्थानचे एक छोटे केंद्र होते. १९५० साली ही दोन्ही आकाशवाणीकडे आली. यंत्र पेढीवाल्याच्या माडीवर. ऐकणारे खाली रस्त्यावर. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या, १५ तारखेला जालना त्यांच्या ताब्यात आले आणि १७ तारखेला निजामाने हत्यार खाली ठेवले. म्हणजे जालन्याला स्वातंत्र्याची वार्ता आधी लष्कराच्या मोटारींनी दिली, रेडिओने मागाहून. त्यानंतरच्या दिवसांत मराठवाड्याच्या काही जिल्ह्यांत निरपराध मुसलमान वस्त्यांवर जे गुदरले, त्याची चौकशी पंडित सुंदरलाल यांच्या समितीने केली. तिचा अहवाल मात्र कित्येक दशके प्रसिद्धच झाला नाही. बंदी घालणारे निजाम एकटे नव्हते, एवढे या ठिकाणी नमूद करून पुढे जातो.

आता करमणूक. फुकटची सर्वांत मोठी करमणूक म्हणजे धुळवडीचा हत्ती रिसाला. शंभराहून अधिक वर्षांची ही जालन्याची रीत : एकास राजा करून हत्तीवर बसवायचे, मिरवणूक काढायची, आणि राजाने रेवड्या उधळायच्या. जिनांचा हंगाम त्याच सुमारास संपे. अखेरचा हप्ता कमरेला आणि रेवड्या ओच्यात, असे बायांचे वर्षातील दोन-चार सुखाचे दिवस. मग रामनवमीला जांबसमर्थ, नवरात्रात अंबडची मत्स्योदरी. सिनेमा फिरत्या तंबूतला. जमिनीवर बसायचे चार आणे. १९५३ साली आचार्य अत्र्यांचा ‘श्यामची आई’ आला, पुढल्याच वर्षी त्यास राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. आजीने तो एकदाच पाहिला आणि पुढे वीस वर्षे सांगितला. पन्नासच्या दशकात रेडिओ वाढले. आकाशवाणीने चित्रपटगीते आखडती घेतली, तेव्हा १९५२ पासून लोक सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ ऐकू लागले. हॉटेलवाला रेडिओचा आवाज वाढवी, आणि बुधवारी रात्री एका कपावर तीन माणसे बसत.

चार आणे! स्वस्तच की, असे आपल्या मनात आले असेल. भारत सरकारने १९५०-५१ साली शेतमजुरांची देशव्यापी पाहणी केली. पुरुषाची सरासरी रोजची मजुरी निघाली साडेसतरा आणे, बाईची दहा आणे आणि वर थोडे. तंबूतल्या जमिनीवरची जागा म्हणजे बाईच्या दिवसाचा तिसरा हिस्सा, आणि तोही काम मिळालेल्या दिवसाचा. दुसरी पाहणी १९५६-५७ ची. पद्धतीत काही फरक होता असे जाणकार म्हणतात. पण आकडे हे असे : पुरुष ९६ नये पैसे, बाई ५९. पहिल्या पाहणीचे आकडे त्याच नाण्यात मांडले, तर ते १०९ आणि ६८ होते. पहिली पंचवार्षिक योजना मधल्या काळात पुरी झाली होती.

नये पैसे म्हणालो, त्याचीही एक कथा आहे. हाली नाणे पन्नासच्या दशकात हळूहळू गेले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि पाचच महिन्यांनी, १ एप्रिल १९५७ रोजी, दशमान नाणी आली. रुपयाचे शंभर नये पैसे. जुने आणे काही वर्षे चालू राहायचे होते, म्हणून दुकानोदुकानी तक्ते टांगले गेले : एक आणा म्हणजे ६ नये पैसे, दोन आणे १२, तीन आणे १९, चार आणे २५. आण्याचे खरे मोल सव्वासहा. पण अर्धा पैसा किंवा त्याहून कमी अपूर्णांक सोडून द्यायचा, असा नियम. आता हिशेब करा. ज्याच्याजवळ अखंड रुपया, त्याचे शंभर पैसे पूर्ण. ज्या बाईने सोळा वेळा एकेक आणा मोडला, तिचे झाले शहाण्णव. कायदा दोघांस सारखाच होता. या चार पैशांवर कोणी मोर्चा काढल्याचे आमच्या वाचनात नाही. आजी मात्र आणा मोडायला जाण्यापूर्वी शेजारणींचे आणे गोळा करी आणि चारांच्या पटीत दुकानात जाई. सहकारावरील पुष्कळ पुस्तके आम्ही पुढे वाचली. त्याचा हा पाठ आम्हांस आधीच मिळालेला होता.

मुंबईच्या गिरणी कामगाराची गोष्ट निराळी. १९४७ च्या निवाड्याने त्याचे किमान मूळ वेतन २६ दिवसांस ३० रुपये ठरले, आणि वर निर्देशांकाशी बांधलेला महागाईभत्ता. तथापि तो निर्देशांक १९३३-३४ सालाच्या पायावर उभा होता. माणसे साठच्या दशकात खात होती आणि सरकार तिसाच्या दशकातील टोपली मोजत होते. १९६३ साली कामगारांनी यावर रान उठविले, प्रा. लकडावाला यांची समिती नेमली गेली, आणि निर्देशांक खरोखरच कमी दाखविला जात होता असे ठरून तो वाढवावा लागला. भांडायला निदान त्यांच्याकडे एक आकडा तरी होता. आमच्या घरच्या माणसांनी जिनात महागाईभत्ता हा शब्द ऐकलेलाच नव्हता.

आजी पुष्कळ जगली. किलो आला तरी तिचे माप पायलीचे आणि हिशेब आण्याचा. आम्ही येथील एका लोखंडाच्या कारखान्यात पहिला पगारवाढीचा करार केला, त्या संध्याकाळी पेढे घेऊन तिच्यापुढे गेलो. तिने आकडा ऐकला आणि विचारले, ‘ज्वारी किती येईल रे याची?’ आम्हांस सांगता येईना. दुसऱ्या दिवशी मोंढ्यावर जाऊन भाव विचारला, पायल्या मोजल्या आणि तिला सांगितले. तिने बोटांवर पुन्हा मोजून पाहिले. ‘बरं केलंस,’ म्हणाली. ‘आन् झाडलोटीच्या बाया असतील तिथं कंत्राटावर, त्यांना काय?’

त्यांच्यासाठी करारात आम्ही एक ओळही लिहून घेतलेली नव्हती.