आधी सांधा, मग सिग्नल

स्मरणिकेसाठी ‘रेल्वेचं काहीतरी लिहा’ असा सेक्रेटरी साहेबांचा आग्रह, म्हणून हा प्रपंच.

माझं गाव केदारखेडा. तिथं रेल्वे नाही. लहानपणी गाडी पाहायची तर जालना गाठावं लागे. निजामाच्या काळात टाकलेला मनमाड–सिकंदराबाद मार्ग तेव्हा मीटर गेज होता. पुढे रेल्वेतच नोकरी लागली आणि एका लहान स्टेशनच्या केबिनमध्ये लिव्हरमन झालो.

केबिन दुमजली. वर लिव्हरांची रांग: लाल सिग्नलचे, काळे सांध्यांचे, निळे कुलपांचे. खाली खाचा पाडलेल्या लोखंडी पट्ट्या. एक लिव्हर ओढला की पट्टी सरकते आणि विरोधातले लिव्हर अडकतात. सांधा नीट बसून कुलूपबंद झाल्याशिवाय सिग्नल पडत नाही. सिग्नल पडला की सांधा हलत नाही. हेच इंटरलॉकिंग. इंग्लंडमध्ये जॉन सॅक्सबी यांनी १८५६ साली त्याचं पेटंट घेतलं. त्याआधी सगळी मदार सांधेवाल्याच्या आठवणीवर.

एका पावसाळी रात्री लूप लाइनवर मालगाडी घेतली होती. मागून एक्सप्रेस मेन लाइनने जायची होती. डोळ्यांवर झोप. मेनचा सिग्नल ओढला, तर लिव्हर हलेना. दोन्ही हातांनी जोर लावला, एक शिवीही हासडली. मग लक्षात आलं, सांधा अजून लूपलाच होता! हात थरथरले. सांधा फिरवला, कुलूप लावलं, मग सिग्नल पडला. एक्सप्रेस धडधडत निघून गेली. ही गोष्ट आजवर घरीसुद्धा सांगितली नाही.

२ जून २०२३ रोजी ओडिशात बाहानगा बाजारला नेमकं हेच झालं. सिग्नल मेनचा, सांधा लूपचा, लूपवर मालगाडी. यंत्रणेच्या वायरिंगमध्ये चुका झाल्याचं चौकशीत आढळलं. २९० हून अधिक माणसं गेली. ती बातमी पाहताना मला माझा तो न हललेला लिव्हर आठवत होता.

आमचा मार्ग पुढे ब्रॉडगेज झाला, लिव्हर गेले, कॉम्प्युटर आले. ऑगस्ट २०२४ मध्ये १७४ किलोमीटरच्या जालना–जळगाव मार्गाला केंद्राची मंजुरी मिळाली. आता आमच्या भोकरदन भागातही गाडी येईल. नव्या पोरांना स्क्रीनवर बटणं दाबायची आहेत, पण नियम तोच. यंत्र ‘नाही’ म्हणालं तर जोर लावू नका, खिडकीतून बाहेर बघा.