शाईचे प्रकाशदृढीकरण

मुद्रित पृष्ठावर पडलेल्या द्रवरूप शाईचे प्रकाशाच्या, विशेषतः जंबुपार किरणांच्या, साहाय्याने क्षणार्धात घन पटलात रूपांतर करण्याच्या क्रियेस शाईचे प्रकाशदृढीकरण म्हणतात. सामान्य अर्थाने ही शाई वाळत नाही. कारण तिच्यातील द्रव बाष्परूपाने उडून जात नाही किंवा कागदातही मुरत नाही. तो द्रवच घनरूप होतो. त्यामुळे काच, धातू, लाकूड, प्लॅस्टिक यांसारख्या शाई न शोषणाऱ्या पदार्थांवरही मुद्रण करता येते. औद्योगिक इंकजेट मुद्रणात ही पद्धत एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून मोठ्या प्रमाणावर वापरली जाऊ लागली.

मुद्रणशाईकडून नेहमीच दोन परस्परविरोधी अपेक्षा केल्या जातात. यंत्रात असेपर्यंत तिने मुळीच घट्ट होऊ नये आणि पृष्ठावर पडताच मात्र विलंब न लावता घट्ट व्हावे. इंकजेट मुद्रणात शाई केसापेक्षाही बारीक छिद्रांतून जात असल्याने हा विरोध सर्वांत तीव्र होतो. प्रकाशदृढीकरणाने या दोन अवस्था स्वच्छपणे वेगळ्या केल्या; परंतु या सोयीची किंमत प्रत्येक टप्प्यावर कोठे ना कोठे द्यावी लागली. ती किंमत कोणी द्यावयाची, हाच या तंत्राच्या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न आहे.

पूर्वेतिहास : प्रकाशाने पदार्थ घट्ट होतो या गुणाचा मुद्रणाकरिता उपयोग करण्याचा प्रयत्न छायाचित्रणाच्या जन्माइतकाच जुना आहे. फ्रेंच संशोधक झोझेफ नीसेफॉर न्येप्स यांनी १८२० नंतरच्या दशकात धातूच्या पत्र्यावर डांबरासारख्या नैसर्गिक बिट्यूमेनचा पातळ थर दिला व तो उन्हात ठेवला. प्रकाश लागलेला भाग कठीण झाला आणि न लागलेला भाग लव्हेंडरच्या तेलाने धुऊन काढता आला. असे पत्रे कोरून त्यांवरून चित्रे छापावी, हा त्यांचा एक प्रमुख हेतू होता. मात्र या थरास कित्येक तास प्रकाश द्यावा लागे.

१८३९ मध्ये स्कॉटलंडचे मंगो पाँटन यांना पोटॅशियम डायक्रोमेटाची प्रकाशसंवेदनशीलता आढळून आली. डायक्रोमेट मिसळलेले जिलेटीन प्रकाशाने अविद्राव्य होते, या गुणाचा उपयोग विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट यांनी १८५२ मध्ये व आल्फाँस प्वातव्हँ यांनी १८५५ मध्ये चित्रमुद्रणासाठी केला. नकाशे छापण्याची फोटोझिंकोग्राफी ही पद्धती याच तत्त्वावर आधारलेली होती आणि पुण्याच्या सरकारी फोटोझिंको मुद्रणालयाचे नावही तिच्यावरूनच पडले. पुढे १९५० च्या सुमारास अमेरिकेत लूई मिन्स्क व त्यांचे सहकारी यांनी प्रकाशसंवेदी कृत्रिम बहुवारिके आणि लूई प्लॅम्बेक यांनी प्रकाशाने घट्ट होणारी मुद्रणपट्टे विकसित केली.

या सर्व पद्धतींत प्रकाशाने घट्ट होत असे ते मुद्रणाचे साधन. प्रत्यक्ष शाई मात्र पूर्वीचीच राहिली. जवसाच्या तेलाची पारंपरिक शाई हवेतील ऑक्सिजन शोषून सावकाश घट्ट होते व तिला कित्येक तास लागतात. जलद मुद्रणासाठी बाष्पनशील विद्रावक घातलेल्या शाया प्रचारात आल्या. त्या तापवून वाळवाव्या लागत आणि विद्रावकाची बाष्पे कारखान्यातील कामगारांच्या श्वासात व बाहेरच्या हवेत मिसळत.

आधुनिक विकास : जंबुपार किरणांनी घट्ट होणाऱ्या मुद्रणशाईचे एकस्व अमेरिकेत १९४६ मध्येच देण्यात आले होते. तथापि योग्य रसायने व दिवे यांच्या अभावी सुमारे वीस वर्षे तिचा विशेष प्रसार झाला नाही. १९६० नंतरच्या दशकात जर्मनीमध्ये लाकडी सामानावरील पॉलिएस्टर रोगण जंबुपार प्रकाशाने घट्ट करण्याची पद्धत रूढ झाली. शाईच्या बाबतीत खरी चालना कायद्यामुळे मिळाली. लॉस अँजेल्सच्या हवेतील धूरमिश्रित धुक्याला विद्रावकांची बाष्पेही कारणीभूत असल्याचे दिसून आल्याने १९६६ मध्ये तेथे त्यांच्यावर निर्बंध घालण्यात आले; १९७० मध्ये अमेरिकेत शुद्ध हवेविषयीचा व्यापक कायदा झाला. १९७३ च्या तेलसंकटामुळे वाळवणभट्ट्यांचे इंधनही महागले. परिणामी खोकी, लेबले व धातूचे डबे यांच्या मुद्रणात विद्रावकरहित, प्रकाशाने घट्ट होणाऱ्या शायांचा शिरकाव झाला.

दृढीकरणाची क्रिया : या शाईत रंगद्रव्याखेरीज मुख्यतः तीन घटक असतात. पहिला घटक एकवारिके, म्हणजे ॲक्रिलेटासारखे लहान रेणू. दुसरा अल्पवारिके, म्हणजे अशाच काही रेणूंच्या आखूड साखळ्या. आणि तिसरा प्रकाशारंभक. प्रकाशारंभकाच्या रेणूने जंबुपार किरण शोषले की, त्यापासून अतिशय क्रियाशील मुक्त मूलके निर्माण होतात. ती एकवारिकांतील द्विबंधांवर क्रिया करतात, रेणूमागून रेणू जोडला जातो आणि सेकंदाच्या अल्पांशात बहुवारिकाचे आडबंधयुक्त जाळे तयार होऊन रंगद्रव्य त्यात अडकून राहते. १९७० नंतरच्या दशकात जेम्स क्रिव्हेलो यांनी आयोडोनियम व सल्फोनियम लवणांवर आधारलेली दुसरी पद्धती विकसित केली. तीत मूलकांऐवजी प्रकाशाने निर्माण होणारे तीव्र अम्ल बहुवारिकीकरणास आरंभ करते.

जवसाच्या तेलाच्या शाईला घट्ट करणारा ऑक्सिजन मूलकांवर चालणाऱ्या नव्या शाईचा मात्र विरोधक ठरतो. तो मूलकांशी संयोग पावून साखळी खुंटवतो व पृष्ठभाग चिकट राहतो. शाई जितकी पातळ व थर जितका कमी जाडीचा, तितका ऑक्सिजन त्यात सहज शिरतो. इंकजेटमध्ये या दोन्ही गोष्टी अपरिहार्य असतात. त्यावर उपाय म्हणून प्रकाशाची तीव्रता वाढवितात, शाईत अमाइने घालतात किंवा दिव्याखाली नायट्रोजन वायूचे आवरण ठेवतात.

इंकजेटशी सांगड : द्रवाची धार थेंबांत का तुटते याचे गणिती विवेचन लॉर्ड रॅली यांनी १८७८ मध्ये केले होते. त्यावर आधारित लेखनयंत्राचे एकस्व स्वीडनचे रूने एल्मक्विस्ट यांनी १९५१ मध्ये घेतले. १९७० नंतर झोल्टान, कायसर, सीअर्स व स्टेम यांनी हवा तेव्हाच थेंब सोडणारी दाबविद्युत् मुद्रणशीर्षे विकसित केली. विद्युत्‌दाबाने स्फटिक आकार बदलतो व त्या दाबाने थेंब बाहेर फेकला जातो. घरगुती व कार्यालयीन यंत्रांत प्रचलित झालेल्या औष्णिक पद्धतीत शाईचा काही भाग उकळवावा लागतो, म्हणून ती जलयुक्त शाईस सोयीची आहे. दाबविद्युत् शीर्षात शाई उकळवावी लागत नसल्याने प्रकाशाने घट्ट होणारी शाई तेथे वापरता आली.

तथापि ऑफसेट यंत्रावरील शाई मधाहूनही दाट असते, तर इंकजेटच्या शाईची श्यानता साधारणतः १० सेंटीपॉइजच्या आसपास असावी लागते. ती साधण्यासाठी लहान रेणूंच्या एकवारिकांचे प्रमाण वाढवावे लागते आणि शाई ४० ते ५० अंश सेल्सियसपर्यंत ऊन ठेवावी लागते. हे लहान रेणू त्वचेला दाहक असतात व वारंवार संपर्काने कायमची ॲलर्जी निर्माण करू शकतात. अशा रीतीने कामगाराच्या श्वासावरील संकट कमी झाले, पण ते काही अंशी त्याच्या हातांवर आले. म्हणून हातमोजे वापरणे आवश्यक ठरले.

२०००–०१ च्या सुमारास इंग्लंडमधील केंब्रिज येथील इंका डिजिटल व इटलीतील डुर्स्ट यांसारख्या कंपन्यांनी जंबुपार दृढीकरणाची मोठी इंकजेट यंत्रे बाजारात आणली. कडक तक्त्यांवर थेट छपाई होऊ लागल्याने आधी कागदावर छापून तो तक्त्यावर चिकटविण्याची गरज उरली नाही. थेंब पसरून रंग एकमेकांत मिसळू नयेत म्हणून एका रंगानंतर मंद प्रकाश देऊन थेंब अर्धवट घट्ट करण्याची व शेवटी पूर्ण प्रकाश देण्याची पद्धतही रूढ झाली. महाराष्ट्रात गावोगावी दिसणारे फ्लेक्सचे फलक मात्र मुख्यतः विद्रावकयुक्त शाईनेच छापले जातात; स्वस्तपणा हे त्यामागील मोठे कारण होय.

दिवे : सुरुवातीची सर्व यंत्रे पाऱ्याच्या बाष्पाच्या दिव्यांवर चालत. या दिव्यातून २५४, ३१३ व ३६५ नॅनोमीटर अशा अनेक तरंगलांब्यांचे किरण मिळतात; पण त्याबरोबर पुष्कळ उष्णता व ओझोनही निर्माण होतो. दिवा तापण्यास काही मिनिटे लागतात आणि पातळ प्लॅस्टिक उष्णतेने वाकते. १९९० नंतरच्या दशकात गॅलियम नायट्राइडाच्या प्रकाश उत्सर्जक द्विप्रस्थांचा, म्हणजे एलईडीचा, विकास झाला. त्यांतील निळ्या प्रकाशाच्या द्विप्रस्थाबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. याच पदार्थकुलातून ३६५ ते ४०५ नॅनोमीटरचे, बहुधा ३९५ नॅनोमीटरचे, दृढीकरणदिवे तयार झाले. ते तत्काळ सुरू व बंद होतात आणि त्यांत पारा नसतो. पाऱ्याच्या वापरावर नियंत्रण आणणारा मिनामाता करार २०१३ मध्ये स्वीकारण्यात येऊन २०१७ मध्ये अंमलात आला. त्यामुळेही या दिव्यांचे महत्त्व वाढले.

अवशिष्ट रेणूंचा प्रश्न : दृढीकरण कधीही शंभर टक्के होत नाही. न जोडलेली एकवारिके, उरलेला प्रकाशारंभक व त्याचे तुकडे शाईच्या थरात राहतात. छापलेले वेष्टन गुंडाळून किंवा रचून ठेवले असता बाहेरील छापील बाजू आतल्या बाजूस टेकते आणि हे रेणू तिकडे उतरून अन्नात पोहोचू शकतात. २००५ मध्ये इटलीत द्रवरूप बालदुधात आयसोप्रोपिल थायोझँथोन हा प्रकाशारंभक आढळल्याने लक्षावधी लिटर दूध जप्त करण्यात आले. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने आढळलेल्या प्रमाणात आरोग्यास धोका नसला, तरी अन्नात त्याचे असणे अनिष्ट असल्याचा अभिप्राय दिला. २००९ मध्ये न्याहारीच्या धान्यपदार्थांत ४-मिथिलबेंझोफिनोन आढळले. ही उदाहरणे इंकजेटची नव्हती. परंतु लहान रेणूंवरच अवलंबून असणाऱ्या इंकजेट शाईला त्यांतील इशारा अधिकच लागू होता. २०१० मध्ये स्वित्झर्लंडने अन्नवेष्टनांच्या शाईत वापरता येणाऱ्या द्रव्यांची यादी कायद्याने लागू केली.

दिवे बदलल्याने हा प्रश्न सुटला नाही. एलईडीचा ३९५ नॅनोमीटरचा प्रकाश शोषणारे प्रकाशारंभक मोजकेच असून त्यांत टीपीओ या संक्षिप्त नावाने ओळखले जाणारे फॉस्फीन ऑक्साइड प्रमुख आहे. प्रजननाला अपायकारक म्हणून त्याचा समावेश २०२३ मध्ये युरोपीय संघाच्या अतिचिंताजनक द्रव्यांच्या यादीत झाला आणि सप्टेंबर २०२५ पासून तेथे सौंदर्यप्रसाधनांत त्याला बंदी आहे. अशा रीतीने पारा टाळण्याच्या प्रयत्नात दुसऱ्या संशयित द्रव्यावरील अवलंबन वाढले.

मोठ्या रेणूंचे, म्हणजे बहुवारिकीय, प्रकाशारंभक थरातून सहज बाहेर पडत नाहीत. पण त्यांनी शाई दाट होते आणि बारीक छिद्रांतून ती नीट फेकली जात नाही. प्रकाशारंभकाशिवाय इलेक्ट्रॉन शलाकेने दृढीकरण करता येते, परंतु त्याची यंत्रे महाग असतात. शिवाय घट्ट झालेले पटल कागदाच्या पुनर्निर्मितीत मोठ्या कपच्यांच्या रूपाने सुटते व सहज वेगळे होत नाही. छिद्रातून जाण्याइतका लहान, परंतु पटलातून निसटणार नाही इतका पक्का बांधलेला रेणू ही या शाईची गरज आहे. प्रकाशाने द्रव व घन यांच्यातील विरोध मिटविला. लहान व मोठ्या रेणूंमधील विरोध मिटविणे हे या तंत्रापुढील पुढचे कार्य होय.